फणसाच्या ढलप्यांतलं पिवळं द्रव्य

लाकडातून औषधी द्रव्य वेगळं काढायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्याला मी फणस सुचवतो. चंदन नको, रक्तचंदन नको, बिबळाही लगेच नको. चंदनाच्या वाटेवर परवानग्यांची रांग आहे आणि रक्तचंदनाच्या नावाखाली दुकानात काय मिळेल याचा भरवसा नाही. फणसाचं लाकूड मात्र सुताराकडे मिळतं, स्वस्त असतं, आणि मुख्य म्हणजे त्यातलं द्रव्य डोळ्यांना दिसतं. गाभा चिरला की आतून हळदीसारखा पिवळा रंग निघतो. पहिल्या प्रयोगाला ही मोठी सोय आहे, कारण अर्क कुठे गेला आणि कुठे अडकला हे उपकरणाशिवायही कळत राहतं.

पुण्यात वारज्याला राहणाऱ्याला आणखी एक कारण आहे. चांदणी चौक ओलांडला की पलीकडे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. 1957 ते 1966 या काळात तिचे संचालक होते के. वेंकटरामन, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांचा मूळ विषय रंगद्रव्यं, आणि फणसाच्या गाभ्यातल्या पिवळ्या द्रव्यांचा माग त्यांनी वर्षानुवर्षं काढला. साठच्या दशकात ए. व्ही. रामा राव यांच्यासारख्या तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आर्टोकार्पिन आणि त्याच्या भाऊबंदांच्या रचना उलगडल्या. फणस, तुती, वड ज्या कुळात मोडतात त्या कुळाच्या लाकडांतल्या फेनॉलवर्गीय द्रव्यांचा एकत्रित आढावा त्यांनी 1972 साली प्रसिद्ध केला. त्याच प्रयोगशाळेत सुखदेव यांनी देवदाराच्या तेलातून हिमाचलीन वर्गातली द्रव्यं वेगळी केली. म्हणजे लाकडाचं रसायन हा विषय परदेशी पुस्तकातूनच शिकावा लागतो असं नाही. फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास एनसीएल सर्वसामान्यांसाठी दारं उघडते, तेव्हा एकदा जरूर जाऊन या.

आता कामाकडे. पहिली अट अशी की लाकूड कोणतं आहे हे नक्की माहीत हवं. सुताराच्या दुकानातला पोतंभर भुसा फुकट मिळतो म्हणून उचलू नका. त्यात साग असतो, पाइन असतं, प्लायवूडचा चुरा असतो, आणि प्लायवूडबरोबर डिंकाची रसायनं आलीच. त्याऐवजी न रंगवलेला, न पॉलिश केलेला एकच तुकडा निवडा आणि तो समोर रंधून घ्या. ढलप्या स्वच्छ कागदावर पडू द्या. वरचा हवा लागून तपकिरी झालेला थर टाकून द्या, आतला पिवळा घ्या. बाहेरच्या बाजूचा फिकट पट्टा, म्हणजे रसकाष्ठ, वेगळा ठेवा. झाड जिवंत असताना त्या भागातून पाणी वाहतं, तिथे ही द्रव्यं फारशी नसतात. ती साठतात मधल्या मेलेल्या भागात, अंतःकाष्ठात. झाड तिथे बुरशी आणि किडींविरुद्धचा दारूगोळा भरून ठेवतं, म्हणूनच कोकणातली फणसाची दारं आणि देव्हारे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. रसकाष्ठाचा वेगळा नमुना पुढे तुलनेला फार उपयोगी पडतो.

त्याच लाकडाचा आगपेटीएवढा ठोकळा बाजूला काढून त्यावर तारीख, कुठून आणला आणि कोणी दिला हे लिहून ठेवा. अहवाल प्रसिद्ध करायचा असेल तर वनस्पतीची ओळख अधिकृतपणे करून घ्यावी लागते. पुण्यात त्यासाठी आघारकर संशोधन संस्था आहे आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. मात्र तिथे पान, फूल किंवा फळ असलेली फांदी नेली तरच काम सोपं होतं. नुसत्या लाकडावरून ओळख पटवणारे तज्ज्ञ वेगळे, त्यासाठी बंगळूरची काष्ठ विज्ञान संस्था किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था गाठावी लागते. म्हणून लाकूड शक्यतो माहितीतल्या झाडाचं घ्या. सोसायटीतल्या फणसाची फांदी पावसाळ्यात मोडून पडली, तर त्याहून उत्तम नमुना नाही.

मोडून पडलेली, असं मी मुद्दाम म्हणतो. शहरात झाडाची फांदी उतरवायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हा 1975 चा कायदा आहे. शहराबाहेर 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, खैर, बिबळा, चंदन यांच्याबरोबर फणसही येतो. वारज्याच्या टेकडीवरचं स्मृती उद्यान तर वनखात्याच्या जमिनीवर आहे. 5 जून 2020 ला केंद्राने नगरवन योजना जाहीर केली तेव्हा हेच वन नमुना म्हणून देशाला दाखवलं होतं. तिथे फिरायला जा, पक्षी बघा, पण काडीही खिशात घालू नका.

ढलप्या सावलीत वाळवा, उन्हात नको. वाळल्यावर कानशीने किंवा मिक्सरच्या जुन्या भांड्यात भरड करा, पिठासारखं बारीक करू नका, नाहीतर गाळणं तुंबतं. हे करताना तोंडाला मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या यादीत पहिल्या गटात आहे, आणि सागाच्या धुळीने सुतारांच्या हातावर चट्टे उठतात त्यालाही लाकडातलंच एक द्रव्य जबाबदार असतं. झाडातलं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत इथेच सोडून दिलेली बरी.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आधी सांगतो. चमचाभर भरड कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, निवू द्या आणि गाळा. पिवळसर पाणी दोन काचेच्या पेल्यांत वाटून घ्या. एकात तुरटीचा हरभऱ्याएवढा खडा विरघळवा, दुसरा तसाच ठेवा. तिसऱ्या पेल्यात नुसतं तुरटीचं पाणी, चौथ्यात पाइनच्या भुशाचा काढा आणि तुरटी. खोलीत अंधार करून नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चने चारही पेले बघा. फणस आणि तुरटीच्या पेल्यात हिरवट पिवळी चमक दिसली पाहिजे, बाकीच्यांत तशी नाही. ही चमक तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि लाकडातलं मोरिन नावाचं पिवळं द्रव्य यांच्या जोडीची आहे. 1867 साली गोपेल्सरोडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हीच चमक वापरून ॲल्युमिनियम ओळखायची पद्धत काढली. चमकेवरून पदार्थ ओळखण्याच्या रसायनशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. आपण त्याचाच प्रयोग उलट्या बाजूने करतो.

गाळायला घरचा सुती रुमाल वापरू नका. कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणासाठी घातलेली द्रव्यं याच टॉर्चखाली झगझगीत निळी दिसतात, आणि मग लाकडात नसलेलं काहीतरी सापडल्याचा आनंद होतो. प्रयोगशाळेचा गाळणकागद किंवा कॉफीचा न रंगवलेला फिल्टर चालेल, पण तो कोरा असताना आधी टॉर्चखाली धरून बघा.

इथपर्यंत स्वयंपाकघर पुरतं. पुढचं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचं, कारण पुढे ज्वालाग्राही द्रावक येतात.

सॉक्सलेट उपकरणात पन्नास ग्रॅम भरड घ्या. पहिली फेरी पेट्रोलियम ईथरची. तिने मेण, तेलकट भाग आणि फणसाचा तो प्रसिद्ध चीक निघून जातो. हा टप्पा वगळून थेट मिथेनॉलवर जायचा मोह होतो, कारण त्यात एक दिवस वाचतो. पण चीक राहिला तर पुढचा कॉलम, म्हणजे सिलिका भरलेली नळी, त्याने भरतो आणि वाचवलेला दिवस चार दिवसांनी परत करावा लागतो. भरड कोरडी करून दुसरी फेरी ॲसिटोन किंवा मिथेनॉलची, सॉक्सलेटच्या वाकड्या नळीतलं द्रावण बिनरंगी होईपर्यंत. दोन्ही वेळा विजेची शेगडी म्हणजे हीटिंग मॅन्टल वापरा, आजूबाजूला उघडी ज्योत नको. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफही टाळायची.

अर्क रोटरी बाष्पकावर कमी तापमानात आटवला की गडद चिकट राळ उरते. ती शंभर मिलिलिटर पाण्यात ढवळून विभाजक नरसाळ्यात घाला आणि इथाइल ॲसिटेटने तीनदा हलवा. साखरा आणि क्षार पाण्यात राहतात, आपल्याला हवी ती फ्लॅव्होनॉइडं, म्हणजे मोरिन आणि आर्टोकार्पिन ज्या वर्गात मोडतात ती द्रव्यं, वरच्या थरात येतात. मध्येच फेसाळ थर तयार होऊन हटेनासा झाला तर मिठाचं संपृक्त द्रावण घाला. वरचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा, आटवा आणि वजन लिहा.

आता टीएलसी, म्हणजे पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी. नवशिके हिला किरकोळ समजतात आणि अनुभवी लोक दिवसभर तिच्यावरच विसंबून असतात. सिलिकाच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघ काढा, पेनने नको, कारण शाईही वर चढते. थेंब टोकदार केशनळीने आणि शक्य तितका लहान ठेवा. बरणीतल्या द्रावकाची पातळी थेंबाच्या खाली राहिली पाहिजे. फ्लॅव्होनॉइडांसाठी टोल्युइन, इथाइल ॲसिटेट आणि फॉर्मिक ॲसिड 5:4:1 हे मिश्रण बहुधा काम करतं. लक्ष्मी रस्त्यावरून निघालेल्या मंडळींमध्ये प्रत्येक दुकानापाशी थांबणारा मागे राहतो आणि ज्याला काही घ्यायचं नाही तो पुढे निघून जातो, तसं इथे होतं. ज्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट जास्त तो सिलिकाला चिकटत मागे रेंगाळतो. मोरिनवर असे पाच गट आहेत, आर्टोकार्पिनला तेलकट शेपट्या जोडलेल्या आहेत, म्हणून आर्टोकार्पिन वर आणि मोरिन खाली. शेजारी रसकाष्ठाच्या अर्काचाही थेंब लावा. जो ठिपका गाभ्यात ठळक आणि रसकाष्ठात पुसट, तो आपल्या कामाचा.

पुण्यात पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना एक सूचना. सिलिका हवेतलं बाष्प ओढते, आणि जुलैतला ठिपका मे महिन्यातल्या ठिकाणी थांबत नाही. पट्ट्या वापरण्याआधी अर्धा तास 105 ते 110 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा आणि प्रत्येक पट्टीवर माहितीतल्या शुद्ध पदार्थाचा थेंब शेजारी लावा. पुस्तकातला आरएफचा, म्हणजे द्रावकाच्या तुलनेत ठिपका किती चढला त्याचा, आकडा आणि आपला आकडा जुळला म्हणून पदार्थ तोच, असं म्हणू नका. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी धावले तरच त्या तुलनेला अर्थ.

कॉलमबद्दल थोडक्यात: अर्काच्या साधारण तीसपट सिलिका, हेक्झेनमध्ये कालवून बुडबुडा न राहू देता भरायची, मग इथाइल ॲसिटेटचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं. पंचवीस पंचवीस मिलिलिटरचे भाग नंबर घालून गोळा करा, प्रत्येकाची टीएलसी करा, सारखे दिसणारे एकत्र करा. सिलिका कोरडी पडू दिली की भेगा पडतात आणि सगळं वाया जातं, म्हणून जेवायला जाताना कोणालातरी बसवून जा. वापरलेले द्रावक बेसिनमध्ये ओतू नका. आपल्याकडचं सांडपाणी शेवटी मुठेच्याच वाट्याला येतं.

एक ठिपका देणारा पिवळा पदार्थ हाती आला की घाई सुरू होते: हे मोरिनच! वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रानेही 302 आकडा दिला, म्हणजे झालंच. पण 302 आकडा क्वेर्सेटिनचाही आहे. कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिन आणि फणसातलं मोरिन या दोघांचं रेणुसूत्र एकच, कार्बन 15, हायड्रोजन 10, ऑक्सिजन 7. फरक एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागेचा आहे. क्वेर्सेटिनच्या एका कड्यावर दोन गट शेजारी शेजारी बसलेले असतात, मोरिनमध्ये त्यांच्यात एक जागा सोडलेली असते. ॲल्युमिनियम क्लोराइड फवारल्यावर जांभळ्या दिव्याखाली दोन्ही पिवळे चमकू शकतात. त्यामुळे नुसती चमक आणि नुसतं वस्तुमान, दोन्ही अपुरे.

इथे जुन्या मंडळींची एक स्वस्त युक्ती कामी येते. मिथेनॉलमधल्या द्रावणाचा अतिनील-दृश्य आलेख काढा. फ्लॅव्होनॉलचे दोन शिखरपट्टे दिसतात, एक 250 ते 280 नॅनोमीटरच्या दरम्यान, दुसरा साधारण 350 ते 385 मध्ये. आता त्याच द्रावणात सोडियम ॲसिटेट आणि बोरिक ॲसिड घाला. बोरिक म्हणजे कॅरमच्या बोर्डावर टाकतात तेच, पण इथे प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं हवं. शेजारी बसलेल्या दोन गटांना बोरिक धरतं आणि दुसरा पट्टा 12 ते 30 नॅनोमीटर उजवीकडे सरकतो. क्वेर्सेटिनमध्ये तो सरकतो. मोरिनमध्ये शेजारी गटच नाहीत, म्हणून तो तसा सरकत नाही. अर्ध्या तासात, जवळपास कोणत्याही कॉलेजात असणाऱ्या यंत्रावर, दोन जुळ्यांमधला फरक कळतो.

त्यावर शिक्कामोर्तब एनएमआरचं, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या आलेखाचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. नमुना देताना पाच ते दहा मिलिग्रॅम पुरतो, पण तो निर्वात सुकवलेला हवा. इथाइल ॲसिटेट राहून गेलं तर आलेखात 1.2, 2.0 आणि 4.1 च्या आसपास त्याची शिखरं येतात. मोरिनमध्ये मेथिल गटच नाही, तेव्हा तिथे शिखर दिसलं तर नवा रेणू सापडला असं समजू नका, बाटली पुन्हा सुकवा. मोरिन नवं नाहीच. विल्यम पर्किन यांचे चिरंजीव आर्थर जॉर्ज पर्किन यांनी कोप यांच्याबरोबर 1895 सालीच फणसाच्या लाकडातून ते काढून दाखवलं होतं.

‘उपयुक्त’ या शब्दाबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. द्रव्य वेगळं काढणं हे एक काम, ते काय आहे हे ठरवणं दुसरं, आणि ते माणसाला उपयोगी आहे हे दाखवणं तिसरं, बाकी दोघांपेक्षा कितीतरी लांबचं. बिबळ्याच्या लाकडाचा पेला बऱ्याच घरांत असतो. रात्री पाणी भरून ठेवतात, सकाळी ते पिवळट होतं, उजेडात निळसर झाक मारतं, आणि मधुमेहावर म्हणून ते पितात. ती झाक खरी आहे, लाकडातून पाण्यात काहीतरी उतरलं आहे हे खरं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसारची, म्हणजे याच लाकडाची, नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांवर चाचणीही घेतली. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात बारा आठवड्यांनी 97 पैकी 67 जणांची साखर आटोक्यात आलेली दिसली. आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण ती खुली चाचणी होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, मात्रा मोजून दिली जात होती आणि रुग्णांवर डॉक्टरांची नजर होती. घरच्या पेल्यात रोज किती द्रव्य उतरतं हे कोणी मोजत नाही, आणि महिन्या दोन महिन्यांनी ते उतरेनासंही होतं. आई-वडिलांची गोळी बंद करून पेला सुरू करायला हा पुरावा पुरत नाही. फणसाच्या आर्टोकार्पिन, आर्टोकार्पॅनोन यांबद्दल त्वचेच्या रंगापासून केसांपर्यंत बरंच छापून आलेलं आहे, पण ते बहुतेक काचेच्या नळीतले निकाल आहेत. अहवालात ‘आढळले’ लिहा, ‘गुणकारी’ लिहू नका.

नरक्याचा इतिहास तर याहून वाईट. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. हे द्रव्य त्याआधी 1966 मध्ये वॉल आणि वाणी यांना एका चिनी झाडात मिळालं होतं आणि पुढे त्यापासून कर्करोगावरची औषधं तयार झाली. औषध खरं ठरलं, आणि घाटातली झाडं बुंध्यापासून तोडून पोत्यांनी बाहेर गेली.

रासायनिक उपकरणांशिवाय शुद्धीकरण कसं होतं हे बघायचं असेल तर खैराचा कात बघा. गाभ्याचे तुकडे उकळायचे, पाणी आटवायचं आणि थंड होऊ द्यायचं. कॅटेचिन गरम पाण्यात विरघळतं, थंड पाण्यात फारसं नाही, म्हणून ते खाली बसतं आणि टॅनिन वरच्या पाण्यात राहतं. कातकऱ्यांनी हे स्फटिकीकरण पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांचं नावच त्यावरून पडलं. पानपट्टीवरच्या काताचा कण पाण्यात विरघळवून त्यात फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, हिरवट रंग यायला हवा. आला नाही, किंवा निळाकाळा आला, तर कातात भेसळ असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

काम झाल्यावर उरलेल्या फणसाच्या ढलप्या रंगवायला वापरा. ब्रह्मदेशात आणि थायलंडमध्ये भिक्खूंची चीवरं याच लाकडाने रंगवत. रेशमाचा तुकडा कोमट तुरटीच्या पाण्यात तासभर ठेवा, तुरटी कापडाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. मग गाळलेल्या काढ्यात मंद आचेवर पाऊण तास, भांडं स्टीलचं, लोखंडाचं नको, नाहीतर पिवळ्याऐवजी मळकट हिरवा येतो. रंगवायचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, आणि कापड सावलीत वाळवा, कारण हा रंग उन्हाला टिकत नाही.